एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) ११० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असूनही वडिलांना हार्ट अटॅक आला. म्हणजे कोलेस्टेरॉल निर्दोष आणि खरा गुन्हेगार दाह, बरोबर ना? एचएस-सीआरपी (दाह मोजणारी रक्ततपासणी) करून हळदीच्या कॅप्सूल सुरू कराव्यात का?

अजिबात बरोबर नाही. "कोलेस्टेरॉल हे थोतांड, खरं कारण दाह" हे फिरवणाऱ्या मंडळींशी माझं जुनं भांडण आहे. दाह खराच आहे, पण तो पेटतो कशावर हे त्या मेसेजमध्ये कधी लिहिलेलं नसतं.

धमनीला फाटे फुटतात तिथे रक्ताचा प्रवाह घोटाळतो. तिथेच एलडीएलचे कण आतल्या अस्तराखाली शिरून अडकतात आणि त्यांचं ऑक्सिडेशन होतं. मग रक्तातले मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आत उतरून मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) होतात. साधं एलडीएल मॅक्रोफेज पुरेसं झालं की घ्यायचं थांबवतात. बदललेलं एलडीएल मात्र स्कॅव्हेंजर रिसेप्टरमधून (पेशीवरचं कचरा आत ओढणारं दार) आत जातं, आणि तिथे 'बस' म्हणायची सोयच नाही. असे चरबीने फुगलेले मॅक्रोफेज, म्हणजे फोम पेशी, मरतात, मेलेल्या वेळेत उचलल्या जात नाहीत, कोलेस्टेरॉलचे स्फटिक साचतात. हे स्फटिक मॅक्रोफेजमधलं एनएलआरपी-३ इन्फ्लमसोम (दाह पेटवणारी पेशीतली यंत्रणा) चालू करतात, हे २०१० साली दाखवलं गेलं. त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा (आयएल-१ बीटा, दाहाचा निरोप देणारं प्रथिन) सुटतं, त्याने आयएल-६ हे तसलंच दुसरं प्रथिन वाढतं आणि आयएल-६ च्या हुकमावर लिव्हर सीआरपी हे प्रथिन बनवतं. म्हणजे रिपोर्टमधला सीआरपी हा नुसता धूर. ज्यांच्या जनुकांमुळेच सीआरपी जास्त असतो त्यांना हृदयविकार जास्त होत नाही. जनुकांमुळे एलडीएल कमी असणाऱ्यांना तो कमी होतो. माझ्या मते वाद इथेच मिटतो.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा, कँटोस चाचणी, २०१७. अटॅक येऊन गेलेले आणि एचएस-सीआरपी २ मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा जास्त असलेले १०,०६१ रुग्ण. दर तीन महिन्यांनी कॅनाकिनुमॅबचं इंजेक्शन, म्हणजे थेट इंटरल्यूकिन-१ बीटावर घाव. एलडीएल जागचं हललं नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या गटात अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. फॉरवर्डवाले इथेच थांबतात. पुढचं असं, की जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. शिवाय यातले बहुतेक रुग्ण स्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणारं औषध, घेतच होते! नंतर मेथोट्रेक्सेट या दाह कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाची चाचणी झाली. त्याने आयएल-१ बीटा, आयएल-६, सीआरपी काहीच उतरलं नाही आणि फायदाही शून्य. तेव्हा 'दाह कमी करणारं काहीही' चालत नाही, नेमकी साखळी तोडावी लागते. हळदीच्या कॅप्सूलने अटॅक टळतात असं कुठल्या मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही. भाजीत घाला, छान लागते.

वडिलांचं म्हणाल तर ११० हे लॅबच्या छापील रकान्यात 'नॉर्मल' असेल. अटॅक आलेल्या माणसासाठी युरोपियन मार्गदर्शक सूचनांचं लक्ष्य ५५ च्या खाली आहे. आणि रक्त अटॅकनंतर दोन-तीन दिवसांनी घेतलं असेल, तर तेव्हा एलडीएल तात्पुरतं उतरलेलंही असतं. सीआरपी उलट आभाळाला भिडलेला असतो, म्हणून एचएस-सीआरपी किमान महिन्याने करा, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. उपाशीपोटी जायची गरज नाही. एकक बघा: ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ३ मिलिग्रॅम प्रति लिटर, इथे भलेभले फसतात. १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आला तर आधी ताप, दात, लघवीचा संसर्ग शोधा.

कोल्चिसिन (दाह कमी करणारं जुनं औषध) ०.५ मिलिग्रॅमबद्दल डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत फायदा दिसला, २०२४ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. किडनी अधू असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ते विषारी ठरतं. आणि हो, कळलावी या वनस्पतीत कोल्चिसिनच असतं म्हणून कुणी तिचा कंद उगाळून द्यायला निघालं, तर आधी तो कंद हातातून काढून घ्या.