स्वयंपाकीणबाईंची वही: काय जपायचं आणि कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हडसन नदीकाठच्या तुमच्या गावातल्या इतिहास मंडळाकडे एका कुटुंबाने आपल्या पणजीची वही आणून दिली आहे. पणजी गुलामगिरीत जन्मली, सुटका झाल्यावर उत्तरेत आली आणि गावातल्या एका मोठ्या घरी स्वयंपाकीण म्हणून राहिली. वहीत बहुतेक हवा, किराणा आणि कोण जेवायला आलं एवढंच. मंडळातल्या काहींचं मत, गुलामगिरीचा उल्लेख असलेली चार पानं स्कॅन करून काचेखाली लावू आणि बाकीची वही घरच्यांना परत करू. तुम्हाला ते पटत नाहीये, पण बैठकीत काय सांगायचं ते सुचत नाहीये.

सांगा की सगळी वही ठेवायची, कोरी पानं धरून.

गुलाम आचाऱ्यांच्या हातचं लिखाण किती दुर्मीळ असतं ते आधी बघा. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचा गुलाम आचारी जेम्स हेमिंग्ज पॅरिसला जाऊन फ्रेंच स्वयंपाक शिकला होता. दुसऱ्या कुणाला तयार केलंस तर तुला मोकळं करतो, असं जेफरसनने १७९३ मध्ये त्याला लिहून दिलं. जेम्सने धाकट्या भावाला, पीटरला तयार केलं आणि फेब्रुवारी १७९६ मध्ये तो सुटला. त्याच महिन्यात त्याने मॉन्टिसेलोच्या, म्हणजे जेफरसनच्या वाड्याच्या, मुदपाकखान्यातल्या भांड्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहिली. तांब्याची पातेली, त्यांची झाकणं, साचे, बस्स. तो कागद आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेला आहे. जॉर्ज वॉशिंग्टनचा गुलाम आचारी हर्क्युलीस १७९७ मध्ये पळून गेला. त्याची माहिती मिळते ती मालकाच्या पत्रांतून आणि हिशेबांतून. आपल्याकडेही वेगळं नाही. पेशवे दप्तरात कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, भेटतात त्या कारकुनाच्या नोंदीत, किमतीसकट. तुमच्यापुढे तर अख्खी वही आहे, तीही तिच्याच अक्षरात.

'नुसतं हवापाणी आहे' म्हणणाऱ्यांना शेजारच्या बीकनचं उदाहरण द्या. तिथे, म्हणजे तेव्हाच्या फिशकिल लँडिंगला, माउंट गुलियन वाड्यातल्या व्हरप्लँक कुटुंबाकडे जेम्स एफ. ब्राउन कामाला होता. मेरीलंडच्या गुलामगिरीतून पळून आलेला. पुढे पैसे भरून रीतसर सुटका झाली आणि तो तिथला मुख्य माळी झाला. १८२९ ते १८६६ त्याने रोजनिशी लिहिली. हवा, नदीवरच्या बोटी, रोपं, लग्नं, मयती. गुलामगिरीबद्दल फारच थोडं. मंडळाच्या चाळणीने चाळली असती तर त्याच्या वह्यांतलं काय उरलं असतं? त्या सगळ्या न्यूयॉर्क हिस्टॉरिकलमध्ये (पूर्वीची न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटी) आहेत, आणि एक मोकळा माणूस त्या नदीकाठी कसा जगला हे त्यांतल्या साध्या नोंदींवरूनच अभ्यासकांना मांडता आलं.

साध्या नोंदीतून काय निघतं? समजा एका पानावर एवढंच आहे की नदी गोठली, बोट आली नाही, पिठाचं पिंप संपत आलं. नदी बंद झाल्याची तारीख त्या काळच्या स्थानिक वर्तमानपत्रात असते, म्हणजे साल लिहिलेलं नसलं तरी पान कुठल्या हिवाळ्यातलं ते ठरवता येतं. पिठाचं पिंप म्हणजे १९६ पौंड. एका पिंपापासून दुसऱ्या पिंपापर्यंतचे दिवस मोजले की त्या घरात रोज साधारण किती माणसं जेवत होती याचा अंदाज बांधता येतो, आणि मग जनगणनेत त्या घरी किती डोकी नोंदली आहेत ते ताडून बघायचं. पाहुणे आणि पंगती कुणाच्या कष्टावर उठत होत्या, हे मालकिणीच्या पत्रांपेक्षा या हिशेबात जास्त कळेल. चार 'महत्त्वाची' पानं काढून घेतलीत की हा धागाच तुटतो.

आता वहीकडे. आधी शाई बघा. त्या काळात मायफळ आणि हिराकस यांची शाई सर्रास वापरत. ती तपकिरी पडते, अक्षरांभोवती पिवळट कड धरते आणि पुढे कागद खाऊन पानाच्या मागे उमटते. तसं दिसलं तर पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. ओलाव्याने त्यातली आम्लं आणि लोह पसरतात. स्वयंपाकघरातली वही असल्याने तुपातेलाचे डाग असणारच. ते पुसू नका. कुठली पानं चुलीशेजारी उघडी असायची ते त्यांवरूनच कळतं.

चिकटपट्टी, रबरबँड, टाचण्या आणि लॅमिनेशन यांना सक्त मनाई. लॅमिनेशन तर मुळीच नाही. एका संग्रहात (नाव घेत नाही) हौशी मंडळींनी एका शेतकऱ्याची पत्रं प्लास्टिकमध्ये बंद केली होती. ती आता सोडवायला तज्ज्ञही तयार होत नाहीत. पांढरे हातमोजे टीव्हीवर छान दिसतात, पण त्यांनी पानाची कड फाटते. धुऊन कोरडे केलेले हात बरे. वही आम्लमुक्त खोक्यात आडवी ठेवा. पोटमाळा नको, तळघर तर नकोच. आर्द्रता ३० ते ५० टक्के आणि तापमान २० अंश सेल्सियसच्या आसपास, मुख्य म्हणजे सारखं चढउतार नसलेलं.

फोटो काढताना पुठ्ठ्यापासून सुरुवात करा आणि क्रमाने प्रत्येक पान घ्या, कोरं असलं तरी. निदान ४०० डीपीआय (इंचामागे ४०० ठिपके), रंगीत, टिफ या फाइल-प्रकारात, शेजारी मोजपट्टी. वही सपाट दाबू नका, दोन्ही बाजूंनी फोमचे आधार द्या. पानांत चिठ्ठी, पावती किंवा वाळलेलं पान असेल तर ते जागच्या जागी टिपा आणि मगच बाहेर काढा. काढल्यावर कुठल्या पानातलं ते पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहा. फोटोंच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक गावाबाहेर. नक्कल उतरवताना तिचं शुद्धलेखन 'सुधारू' नका. जसं ऐकलं तसं लिहिलेल्या शब्दांवरून ती बोलायची कशी ते कळतं.

मग तिचा माग काढा. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या याद्यांत नाव मालकाचं आणि खाली नुसतं वय, लिंग, वर्ण. त्यामुळे ती नावानिशी भेटण्याची शक्यता १८७० पासून. न्यूयॉर्क राज्याची स्वतःची १८६५ आणि १८७५ ची जनगणनाही बघा. १८९० ची केंद्रीय जनगणना जवळपास सगळी गेली, तिथे वेळ घालवू नका. सुटका झालेल्या गुलामांसाठी काढलेली फ्रीडमन्स बँक १८६५ ते १८७४ चालली; तिच्या खातेदारांच्या नोंदींत आईबाप, भावंडं, कधी जुन्या मालकाचंही नाव मिळतं. आणि ज्या घरी ती राबली ते घर अजून उभं असेल तर तेही तपासा. नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनचा गुलाम गवंडी विल्यम बी. गोल्ड १८६२ मध्ये सात जणांबरोबर होडीने पळाला, उत्तरेच्या नौदलात गेला आणि १८६५ पर्यंत रोजनिशी लिहीत राहिला. वही १९५८ मध्ये घरच्यांना सापडली. त्याने गुलाम असताना केलेल्या गिलाव्याच्या नक्षीत, विल्मिंग्टनच्या बेलामी मॅन्शन या वाड्यात, त्याची आद्याक्षरं नंतर मिळाली. मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या डेडहॅम गावात तो स्थायिक झाला तिथे २०२३ मध्ये त्याचा पुतळा बसला. म्हणजे एका वहीवर दोन गावांचा हक्क.

हक्कावरून आठवलं, घरच्यांशी आत्ताच कागद करा. वही देणगी आहे की सांभाळायला दिली आहे, मूळ प्रत कुठे राहणार, नातवंडांना केव्हाही बघता येईल का, आणि नेटवर टाकण्याआधी त्यांना विचारायचं का, हे सगळं लेखी हवं. वहीची मालकी आणि मजकुराचा हक्क या निराळ्या गोष्टी आहेत. अप्रकाशित लिखाणावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो, त्यामुळे बाईंचं मृत्यूचं साल काढावं लागेल. घरच्यांना मूळ वही सोडवत नसेल तर जबरदस्ती नको. त्यांना खोकं आणून द्या आणि फोटो मंडळाकडे ठेवा.

शाईबद्दल नक्की सांगायचं तर मला एका लिहिलेल्या पानाच्या मागच्या बाजूचा फोटो लागेल. खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश बंद ठेवून.