आर की सॅस? आधी उंदीर मोज

प्रश्न: मी एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वनस्पतीच्या अर्काने रक्तातली साखर कमी होते का, हा माझा प्रोजेक्ट. दोन गटांत ६-६ उंदीर होते, प्रत्येकाची साखर ५ वेळा मोजली. एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी) लावली, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आली. पण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) ‘हीच टेस्ट का?’ असं विचारल्यावर मला उत्तर देता आलं नाही. एक क्लास आर आणि सॅस (कोड लिहून वापरायची आकडेवारीची सॉफ्टवेअर) शिकवतो, फी ४५ हजार. बाबा भरायला तयार आहेत. लावू का?

उत्तर: फी भरायची घाई करू नकोस. आधी तुझी एक्सेल शीट उघड. प्रत्येक गटात ३० ओळी भरल्या असशील, तर सॉफ्टवेअरने ३० वेगळे उंदीर धरूनच हिशेब केला. उंदीर मात्र सहाच. एकाच उंदराची रीडिंग बहुधा एकमेकांच्या जवळपास येतात. ती स्वतंत्र धरली की पी-व्हॅल्यू उगाच लहान दिसते. प्रत्येक उंदराची सरासरी काढून ६ विरुद्ध ६ अशी टेस्ट पुन्हा लाव. (रीडिंग वेगवेगळ्या दिवशी घेतली असतील, तर सरासरीत दिवसागणिक झालेला बदल हरवेल. एकाच उंदराची अनेक रीडिंग एकत्र धरून हिशेब करणाऱ्या मिक्स्ड मॉडेलबद्दल गाईडना विचार.)

अशी चूक सॉफ्टवेअर दाखवत नाही आणि तिचे परिणाम प्रबंधापुरते राहतीलच असं नाही. कॅन्सरच्या कोणत्या रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल हे जनुकांवरून सांगता येतं, असा दावा अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून झाला होता. बॅगर्ली आणि कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी आकडे तपासले, तर जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली आणि काही ठिकाणी ‘लागू’, ‘लागू नाही’ ही लेबलंच उलटी. पुढे गैरप्रकारही सिद्ध झाला. पण तोवर त्या आधारावरच्या चाचण्यांत खरे रुग्ण दाखल झाले होते.

आर फुकट आहे. कोडची भीती वाटत असेल तर जामोवी हे सॉफ्टवेअर घे. तेही फुकट, मेन्यू एसपीएसएससारखे, आणि मागे चाललेला आरचा कोड बघता येतो. सॅस लागतं ते मुख्यतः क्लिनिकल ट्रायलच्या (माणसांवरच्या औषधचाचण्यांच्या) कंपन्यांत. सरावासाठी त्याचीही मोफत ऑनलाइन आवृत्ती आहे. तिथल्या बायोस्टॅटिस्टिशियनच्या (वैद्यकीय आकडेवारी तपासणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाच्या) जागांना मात्र बहुतेक ठिकाणी संख्याशास्त्राची पदवी मागतात. तिकडे जायचं असेल तर मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेतल्या बायोस्टॅटिस्टिक्सच्या एमएस्सीची पात्रता बघून ठेव.

दोन महिने स्वतःच्याच डेटावर काम कर. त्यानंतरही सॅसच्या नोकरीचीच ओढ असेल, तर क्लासचं एक डेमो लेक्चर कर आणि शिकवणाऱ्यांनी खऱ्या ट्रायलचा डेटा हाताळलाय का, ते बाबांसमोरच विचार.