दाताची साक्ष कुठवर धरायची?

वैद्यक, दंतवैद्यक आणि न्यायवैद्यक यांतल्या नव्या संशोधनाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक प्रश्न फिरून दातांपाशीच येत होते. म्हणून या वेळचे सदर दातांनाच दिले आहे.

प्रश्न: मोठ्या आगीनंतर मृतांची ओळख 'दातांवरून पटली' असे वाचतो. आगीत दात टिकतात कसे आणि ओळख नेमकी कशी पटवतात?

इनॅमलचा, म्हणजे दाताच्या वरच्या आवरणाचा, वजनाने सुमारे 96 टक्के भाग खनिजाचा असतो. शरीरात याहून कठीण काही नाही. तरी आगीत दात वाचतात त्याचे श्रेय एकट्या इनॅमलला देता येत नाही. ओठ, गाल, जीभ आणि जबड्याचे हाड बराच वेळ दातांची पाठराखण करतात. त्यामुळे आधी पुढचे पटाशीचे दात करपतात, दाढांची पाळी उशिरा येते. फार तापल्यावर आतले डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा थर, आकसते आणि इनॅमलची टोपी सुटते किंवा तडकते. करपून काळा झालेला दात अजून धरून असतो. राखाडी-पांढरा झालेला दात मात्र बोट लागताच भुगा होतो. म्हणून मृतदेह हलवण्याआधी जागेवरच फोटो घेऊन दातांवर सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, किंवा केसांवर मारायचा स्प्रे फवारतात आणि डोके वेगळे गुंडाळतात. एवढे राहून गेले तर निम्मा पुरावा पिशवीच्या तळाशी सापडतो.

पुढचे काम तुलनेचे. इंटरपोलच्या पद्धतीत बेपत्ता व्यक्तीची हयातीतली माहिती पिवळ्या फॉर्मवर आणि मृतदेहाची गुलाबी फॉर्मवर भरतात. ओळखीचे मुख्य आधार तीन: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. दातांची तुलना जुळणाऱ्या खुणा मोजून होत नाही. अमुक इतक्या जुळल्या की पुरे, असा आकडाच नाही. खरा प्रश्न न जुळणाऱ्या खुणांचा असतो. जुन्या नोंदीत दाढ आहे आणि मृतदेहात नाही, तर ती मधल्या काळात काढली असेल. हा फरक समजण्यासारखा आहे. जुन्या नोंदीत दाढ काढलेली आहे आणि मृतदेहात ती शाबूत आहे, तर माणूस दुसरा आहे, नाहीतर नोंद चुकली आहे.

नोंद चुकते ती बहुधा क्रमांकात. दातांना क्रमांक देण्याच्या एफडीआय पद्धतीत '14' म्हणजे वरच्या उजव्या बाजूची पहिली उपदाढ. 1 ते 32 क्रमांकांच्या युनिव्हर्सल पद्धतीत तोच '14' वरच्या डाव्या बाजूची पहिली दाढ होतो. कागदावर पद्धत लिहिलेली नसेल तर चांगला तपासनीसही फसतो. म्हणून एक्स-रेला कागदापेक्षा जास्त मान आहे. मृतदेहाचा एक्स-रे जुन्या एक्स-रेच्याच कोनातून घ्यावा लागतो, तरच फिलिंगची कड, मुळांचा बाक आणि हाडाची जाळी एकावर एक ठेवून पाहता येतात.

प्रश्न: रूट कॅनाल केलेल्या दातातून डीएनए मिळू शकतो का? आणि मुलांचे पडलेले दुधाचे दात जपून ठेवण्याचा उपयोग आहे का?

बऱ्याचदा मिळतो. रूट कॅनालमध्ये दाताचा गाभा, म्हणजे पल्प, काढून टाकलेला असतो. पण मुळाभोवतीचा सिमेंटमचा पातळ थर जागच्या जागी राहतो. मुळाच्या टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शात तो जाड असतो आणि त्यात खनिजात गाडल्या गेलेल्या पेशी असतात. जुन्या अवशेषांत पल्प लवकर कुजतो, म्हणून तिथेही सिमेंटमच जास्त भरवशाचा ठरतो.

प्रयोगशाळेत आधी दाताचे फोटो, एक्स-रे आणि जमल्यास स्कॅन घेतात, कारण नंतर दात उरत नाही. मग सौम्य सोडियम हायपोक्लोराइटने पृष्ठभाग पुसतात, निर्जंतुक पाण्याने धुतात आणि अतिनील प्रकाशाखाली ठेवतात. हायपोक्लोराइट जास्त वेळ राहिले तर ते आत झिरपून हवा असलेला डीएनएच खाते. मूळ कापून द्रव नायट्रोजनने गारठवलेल्या चक्कीत त्याची पूड करतात. वेगाने फिरणाऱ्या ड्रिलने काम लवकर होते, पण उष्णतेने डीएनए तुटतो. पूड 0.5 मोलर ईडीटीए या रसायनात ठेवली की खनिज विरघळते, प्रोटिनेज-के हे एन्झाइम 56 अंश सेल्सियसला प्रथिने मोडते आणि शेवटी डीएनए सिलिकावर पकडून धुतात. अख्खा दात दळला तर पूड भरपूर मिळते, पण इनॅमलमध्ये पेशी नसतात. त्यातून वाढते ते फक्त कॅल्शियम.

हे कॅल्शियम पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या अभिक्रियेत, आडवे येते. शिल्लक राहिलेला ईडीटीएही येतो, कारण पीसीआरच्या एन्झाइमला लागणारे मॅग्नेशियम तो बांधून ठेवतो. मातीतले ह्युमिक आम्लही तोच घोटाळा करते. निकाल कोरा येतो आणि 'डीएनए नाही' असा शेरा पडतो. प्रत्यक्षात डीएनए असतो, अभिक्रियाच अडलेली असते. प्रत्येक चाचणीत अंतर्गत नियंत्रण नमुना, म्हणजे मुद्दाम घातलेला माहितीतला डीएनए, असतो तो यासाठीच. तोही उमटला नाही तर नमुना पातळ करून किंवा पुन्हा शुद्ध करून चाचणी परत लावायची.

दुधाचा दात पडतो तेव्हा त्याचे मूळ झिजून गेलेले असते, म्हणजे सिमेंटम जवळपास नाहीच. आत पल्पचा थोडा अंश वाळून राहतो आणि त्यातून कधी डीएनए मिळतो. ठेवायचेच असतील तर धुऊन, पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवा आणि वर तारीख व कोणता दात ते लिहा. बंद प्लास्टिकमध्ये ओल धरते. फॉर्मॅलिन तर अजिबात नको, त्याने डीएनए खराब होतो.

प्रश्न: अक्कलदाढेच्या एक्स-रेवरून एखादा 18 वर्षांचा झाला आहे की नाही हे खात्रीने सांगता येते का?

खात्रीने नाही. याचे उत्तर शक्यतेत द्यावे लागते. जो तज्ज्ञ ते एका आकड्यात देतो त्याला पद्धत आणि चुकीची मर्यादा विचारलीच पाहिजे.

लहान वयात अनेक दात एकाच वेळी वाढत असल्यामुळे अंदाज बरा येतो. डेमिर्जियन यांच्या 1973च्या पद्धतीत खालच्या डाव्या बाजूच्या सात दातांना ए ते एच अशा आठ टप्प्यांत बसवतात. साधारण 16 नंतर वाढणारा दात एकच उरतो, अक्कलदाढ, आणि दातांमध्ये सगळ्यात बेभरवशाची तीच. कुणाला ती येतच नाही, कुणाची अडकून बसते. मुळे पुरी व्हायचे वय ढोबळमानाने 18 ते 25, पण काहींची त्याआधीही पुरी होतात.

कॅमेरिएरे यांनी 2008मध्ये मांडलेला निर्देशांक मोजायला सोपा आहे. खालच्या डाव्या अक्कलदाढेच्या मुळांची टोके आतून किती रुंद उघडी आहेत ते मोजून बेरीज करायची आणि दाताच्या लांबीने भागायचे. दोन टोके 0.4 आणि 0.5 मिलिमीटर, लांबी 18 मिलिमीटर, तर 0.9 भागिले 18, म्हणजे 0.05. उत्तर 0.08 पेक्षा कमी आले की प्रौढ धरतात. हे गुणोत्तर असल्याने एक्स-रेतल्या मोठेपणाचा परिणाम निघून जातो. मात्र दाढ आडवी किंवा कललेली असली की तिची लांबी चित्रात आखूड दिसते, उत्तर वाढते आणि प्रौढ माणूस अल्पवयीन ठरतो. मुळे एकमेकांवर पडली असतील तर मोजमाप सोडून द्यावे.

अहवालात दातांबरोबर शारीरिक तपासणी आणि हाताचा एक्स-रे लागतो. हाताची हाडे पूर्ण जुळलेली असतील तर गळपट्टीच्या हाडाच्या आतल्या टोकाचा सीटी स्कॅनही लागतो. एक गोष्ट सतत विसरली जाते: मुळे अपुरी दिसली म्हणून कुणी 18च्या आतला सिद्ध होत नाही. निर्णय एखाद्याच्या कैदेचा किंवा आश्रयाचा असेल, तर शंकेचा फायदा त्या मुलालाच मिळायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: अणुचाचण्यांमुळे दातावरून जन्मसाल कळते, हे खरे आहे का?

खरे आहे. 1950च्या दशकापासून वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतले कार्बन-14, म्हणजे किरणोत्सर्गी कार्बन, जवळपास दुप्पट केले. 1963च्या बंदी करारानंतर ते उतरू लागले. हवेतून वनस्पतींत, अन्नातून आपल्यात आणि तिथून तयार होत असलेल्या इनॅमलमध्ये ते गेले. इनॅमल एकदा बनले की बदलत नाही, म्हणून बनतानाचे साल त्यात कोंडले जाते. 2005मध्ये स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने सुमारे 1.6 वर्षांच्या चुकीत वय काढून दाखवले. पहिल्या कायमच्या दाढेचे इनॅमल साधारण तिसऱ्या वर्षी पुरे होते. मोजमाप 1985 सांगत असेल तर जन्म 1982च्या आसपास.

तीच पातळी चढत्या बाजूलाही आढळते आणि उतरत्या बाजूलाही, म्हणून वेगळ्या वयात बनलेले दोन दात तपासतात. उशिरा बनलेल्या दातात कार्बन-14 जास्त असेल तर चढती बाजू, कमी असेल तर उतरती. इनॅमलला चिकटलेले डेंटिन तीव्र अल्कलीने पूर्ण काढावे लागते, नाहीतर साल सरकते. आता दार बंद होत आले आहे. दगडी कोळसा आणि खनिज तेल जाळून हवेत जाणाऱ्या कार्बनमध्ये कार्बन-14 नसते. त्याच्या भेसळीने उत्तर गोलार्धातली पातळी 2021च्या सुमारास चाचण्यांपूर्वीच्या पातळीला आली. आज जन्मणाऱ्या मुलांसाठी ही पद्धत चालणार नाही.

प्रश्न: सांगाड्यात डीएनए उरला नसेल तर स्त्री की पुरुष हे दातावरून समजते का?

समजते. इनॅमल बनवणाऱ्या अमेलोजेनिन प्रथिनाचे एक्स आणि वाय गुणसूत्रांवरचे प्रकार वेगळे असतात. 2017पासून इनॅमलवर सौम्य आम्ल लावून निघालेले पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे तुकडे, मास स्पेक्ट्रोमीटर या वजनावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर ओळखतात, दात जवळपास जसाच्या तसा राहतो. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिना इथल्या श्रीमंत थडग्यातली व्यक्ती पुरुष समजली जात होती. 2023मध्ये याच पद्धतीने ती स्त्री निघाली. वायचा पेप्टाइड दिसला तर पुरुष हे पक्के. न दिसल्यास घाई नको: नमुना कमकुवत असू शकतो, आणि काही पुरुषांच्या वाय गुणसूत्रात हा जनुकच नसतो.

प्रश्न: चाव्याच्या खुणेवरून गुन्हेगार ओळखतात, ते विज्ञान आहे का?

नाही. मृताच्या दातांची एक्स-रेशी तुलना आणि कातडीवरच्या चाव्याची संशयिताच्या दातांशी तुलना या दोन गोष्टी एकाच नावाखाली खपवल्या गेल्या, यात फार मोठा अन्याय झाला. अमेरिकेत रे क्रोन यांना 1992मध्ये चाव्याच्या साक्षीवर दोषी ठरवले गेले. 2002मध्ये डीएनएने ते निर्दोष ठरले.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2022च्या आढाव्यात तिन्ही पाये तपासले. पुढच्या दातांची रचना प्रत्येकाची वेगळी असते हे सिद्ध नाही. ती कातडीवर नेमकी उमटते हेही सिद्ध नाही. उमटलेल्या खुणेचा अचूक अर्थ लावता येतो हेही नाही. कातडी ताणली जाते, सुजते, हाताची स्थिती बदलली की खूण बदलते.

तरीही जखम मोलाची आहे, कारण तिच्यावर लाळ असते. धुण्याआधी एल आकाराची मोजपट्टी ठेवून कॅमेरा काटकोनात धरून फोटो घ्यायचे. मग निर्जंतुक पाण्यात भिजवलेला स्वॅब गोल फिरवायचा, लगेच त्याच जागी कोरडा स्वॅब, आणि दोन्ही हवेवर वाळवून एकत्र पाठवायचे. ओला लाळेच्या पेशी सोडवतो, कोरडा उरलेली ओल टिपतो. दुसरा स्वॅब गाळला तर बराच डीएनए कातडीवरच राहतो.

प्रश्न: हिरड्यांवर उपचार केले तर मधुमेह सुधारतो का? आणि नवे दात उगवणारे औषध आले आहे का?

पहिल्याचे उत्तर हो, पण माफक. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या 2022च्या आढाव्यात 35 चाचण्या होत्या. हिरड्यांखालची खोल सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली साखर दाखवणारे माप, सरासरी 0.43 टक्के-अंकांनी उतरले, सहा महिन्यांनी फरक 0.30 होता. मधुमेहाच्या गोळ्या मात्र त्यामुळे बंद करायच्या नाहीत. वरवर दात घासून किंवा नुसत्या माउथवॉशने हे साधत नाही, कारण कीटण हिरडीखाली मुळाला चिकटलेले असते.

दुसऱ्याचे उत्तर अजून नाही. क्योटोमध्ये यूएसएजी-1 हे दातांची वाढ रोखणारे प्रथिन अडवणाऱ्या प्रतिपिंडाची मानवी चाचणी 2024मध्ये सुरू झाली. ती किमान एक दात नसलेल्या 30 प्रौढ पुरुषांवर औषध सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी होती. आधी लाभ होईल तो जन्मतः दात न आलेल्यांना.

प्रश्न: दातांच्या कोणत्या नोंदी आपल्याजवळ ठेवाव्यात?

एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल, शक्यतो डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित स्वरूपात. मेसेजिंग ॲपवरून आलेले चित्र दाबलेले असते आणि फिलिंगच्या बारीक कडा पुसट होतात. फाइलवर तारीख आणि डावी-उजवी बाजू हवी. मागच्या सर्व उपचारांची यादी, त्यात क्रमांकाची पद्धत लिहिलेली. इम्प्लांट असेल तर त्याच्या पाकिटावरचे लॉट क्रमांकाचे स्टिकर. कवळी असेल तर ती बनतानाच आत नाव घालून घ्यावे. आणि यातले काहीच नसेल तर दात दिसतील असा समोरून हसरा, स्पष्ट फोटो. पुढच्या दातांच्या कडांची तुलना त्यावरूनही करता येते.