अर्ज कोण भरणार?

चि.स अनेक आशीर्वाद.

'सरकारी शाळांत प्रज्ञावंत मुलांसाठी स्वतंत्र वर्ग असावेत', या विषयावरच्या वादविवादात अनुकूल बाजू तुझ्या वाट्याला आली आणि तुला ती पटत नाही, असं लिहिलंस. मला ती पटते, पण एका अटीवर.

महापालिकेच्या शाळेत मी पाचवीला शिकवत होते. वर्गात एक मुलगी होती, आई धुणीभांडी करायची. फळ्यावर गणित लिहून होईपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. मग ती खिडकीबाहेर बघत बसायची. मी तिला इतरांच्या वह्या तपासायला द्यायचे, माझी तेवढीच सोय! तिला पुढचं गणित द्यायला हवं होतं, ते मी दिलं नाही. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या आठवड्यात ती गावी गेली होती. मी पाठपुरावा केला नाही. हे आजही सलतं.

म्हणून समोरचे 'समता' म्हणतील तेव्हा नमतं घेऊ नकोस. चाळीस जणांना एकच पान देणं म्हणजे समता नव्हे. आपल्या सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीने १९६९ मध्येच बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला काढली, पण ती खासगी संस्था. सरकारने १९८६ च्या धोरणातून नवोदय विद्यालयं आणली, म्हणजे प्रवेश परीक्षेतून मुलं निवडणाऱ्या निवासी शाळा. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र आपल्या जिल्ह्यासाठी शिरूर तालुक्यात पिंपळे जगतापला एकच नवोदय, सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. आणि तिथेही आधी कुणीतरी अर्ज भरायला हवा.

माझी अट हीच. चाचणी शाळेच्या वेळेत, प्रत्येक मुलाची, अर्जाविना व्हावी. दहाव्या वर्षी हुकलेल्याला सातवीत, आठवीत पुन्हा दार उघडं असावं. गणितात पुढे असलेल्या मुलाने गणिताच्या तासापुरतं दुसऱ्या वर्गात बसावं, खेळाला आणि डब्याला आपल्याच मित्रांत. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही अशा मुलांसाठी विषयवार मंडळं आणि पूरक अभ्यास सुचवलाय. तो मुद्दा प्रतिपक्षाने मांडायच्या आत तूच मांड.

तुझा मसुदा दोनदा वाचला. 'बुद्धिमत्ता' अकरा वेळा आलीय, 'अर्ज' एकदाही नाही. तेवढं दुरुस्त कर आणि रविवारी घरी येऊन वाचून दाखव.

तुझी,
बाई