शांत रानामागचा कोयता

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील अनेक घरांतील मुले-मुली आता इंग्लंडमध्ये स्थिरावली आहेत. कदाचित त्यामुळेच या वेळच्या टपालात तेथील खेड्यांच्या कडेला असलेल्या रानांविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील चार निवडली आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात राहते. तिने घराजवळच्या एका रानाची छायाचित्रे पाठवली आहेत. खालची जमीन फुलांनी निळी झालेली दिसते. झाडे मात्र वेगळीच वाटतात. एकेका बुंध्यातून आठ-दहा सरळ, बारीक खोडे वर गेली आहेत. हे रान आपोआप वाढले आहे की कोणी लावले आहे? मी मे महिन्यात तेथे जाणार आहे. (निवृत्त शिक्षिका, खानापूर)

उत्तर : आपण नेमके पाहावे तेथेच पाहिले आहे. एका बुंध्यातून निघालेली ती अनेक खोडे म्हणजे तोडीनंतर फुटलेले धुमारे होत. हेझल, ॲश, चेस्टनट, ओक ही झाडे हिवाळ्यात जमिनीलगत तोडली तरी मरत नाहीत. मुळे शाबूत असल्यामुळे वसंतात बुंध्याला नवे धुमारे येतात आणि काही वर्षांत त्यांचे मनगटाएवढे सोट होतात. ते पुन्हा तोडायचे आणि पुन्हा फुटू द्यायचे, या पद्धतीला तेथे कॉपिसिंग म्हणतात. सागाच्या खुंटाला धुमारे येतात हे आपल्या तालुक्यातील शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. इंग्लंडमधील खेड्यांनी या गुणावर शेकडो वर्षे आपला संसार चालवला.

त्यासाठी रानाचे तुकडे पाडलेले असत आणि दर हिवाळ्यात एकाच तुकड्यावर कोयता चाले. हेझलची पाळी साधारण सात ते दहा वर्षांनी येई, चेस्टनटची त्याहून उशिरा. मधूनमधून काही ओक मात्र घराच्या तुळयांसाठी उंच वाढू देत. बारीक सोटांपासून कुडाच्या भिंती, मेंढ्या कोंडण्यासाठी विणलेले ताटवे, अवजारांचे दांडे, गवती छपर आवळण्याच्या कांब्या आणि कोळसा तयार होई. सफोकमध्येच ब्रॅडफिल्ड वुड्स नावाचे रान आहे. ते पूर्वी बरी सेंट एडमंड्स येथील मठाच्या मालकीचे होते आणि तेथे १२५२ पासून अशी पाळीची तोड होत आल्याची नोंद सांगितली जाते. आपल्या मुलखावर देवगिरीच्या यादवांची सत्ता होती, तेव्हाची ही गोष्ट. एरवी ॲशचे झाड दोन-अडीचशे वर्षांत संपते, पण पुन्हा पुन्हा तोडलेला त्याचा बुंधा कितीतरी अधिक काळ जगतो. ब्रॅडफिल्डमधील एखादा बुंधा हजार वर्षांच्या आसपासचा असावा, असे जाणकार मानतात. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, ते रान बहुधा कोणी लावलेले नाही, पण त्याचे आजचे रूप माणसाच्या हातचे आहे.

निळी फुले ब्ल्यूबेलची आहेत. त्यांचाही या तोडीशी संबंध आहे. रानहळद जशी पहिल्या पावसानंतर कंदातून वर येते, तसे ब्ल्यूबेल जमिनीतील कंदातून हिवाळ्याच्या अखेरीस वर येते आणि एप्रिल-मे महिन्यांत, वरच्या झाडांची पालवी दाट होऊन सावली पडण्यापूर्वी, फुलून घेते. तोड झालेल्या तुकड्यात पुढची काही वर्षे ऊन भरपूर पोचते, म्हणून तेथे ही फुले विशेष बहरतात. जगातील ब्ल्यूबेलपैकी जवळजवळ निम्मी एकट्या ब्रिटनमध्ये आहेत. बीजापासून फूल येण्यास पाच-पाच वर्षे लागतात आणि फुलांचा विस्तारही अगदी संथ असतो. म्हणून जेथे ती मोठ्या प्रमाणात आहेत, ते रान जुने असण्याची शक्यता मोठी. इंग्लंडमध्ये १६०० पासून सलग टिकलेल्या रानाला प्राचीन रान म्हणतात. त्यापूर्वी झाडे लावून रान तयार करण्याची प्रथा फारशी नव्हती, म्हणून हे वर्ष धरले आहे. अशी राने आता देशाच्या भूमीच्या जेमतेम अडीच टक्के उरली आहेत. आपण तेथे जाल तेव्हा कृपया पायवाट सोडू नये. पाने तुडवली गेली की कंदाला अन्न मिळत नाही आणि ते झाड पुढे कित्येक वर्षे खंगते. कंद उपटण्यास तर १९८१ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

छायाचित्रातील शांततेबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दोनशे वर्षांपूर्वी हे रान इतके शांत नव्हते. हिवाळाभर तेथे कोयत्यांचा आवाज असे, कोळशाच्या भट्ट्या धुमसत असत, गाड्या ये-जा करीत. खाणीतला दगडी कोळसा रेल्वेने गावोगाव पोचला, कुंपणासाठी तार आली, पुढे दांड्यांसाठी आणि टोपल्यांसाठी दुसऱ्या वस्तू आल्या, आणि रानातले काम थांबले. पहिल्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा जाणवल्यावर १९१९ मध्ये सरकारी वनीकरण आयोग स्थापन झाला, आणि पुढील दशकांत कित्येक जुन्या रानांच्या जागी सूचिपर्णी झाडांच्या सरळ रांगा उभ्या राहिल्या. उरलेली राने तोडीअभावी दाट आणि अंधारी होत गेली. नाईटिंगेल हा गाणारा पक्षी नव्या फुटव्यांच्या गचपणात घरटे करतो. त्याची संख्या घटण्याचे एक कारण हेही आहे. मला ती शांतता मनापासून प्रिय आहे, तरी तिचा काही भाग काम थांबल्यानंतरचा आहे, हे विसरून तिच्याकडे पाहता येत नाही. आता काही स्थानिक संस्था आणि स्वयंसेवक हिवाळ्यात पुन्हा कोयते घेऊन जुन्या पाळीने तोड करतात.

प्रश्न : इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या शेतातून आणि खासगी रानातून कोणीही चालत जाऊ शकतो आणि मालक अडवू शकत नाही, असे ऐकले. हे खरे का? (शेतकरी, निपाणी)

उत्तर : ठरलेल्या वाटेपुरते खरे आहे. चर्चला, पिठाच्या गिरणीला, शेजारच्या गावाला जाण्याच्या जुन्या पायवाटा तेथे सार्वजनिक वहिवाटीच्या मानल्या जातात, मग खालची जमीन कोणाचीही असो. १९४९ च्या कायद्याने परगण्यांच्या मंडळांना या वाटा नकाशावर नोंदवण्यास सांगितले, आणि नकाशावर चढलेली वाट हा कायद्यापुढे निर्णायक पुरावा ठरला. मालकाला ती बंद करता येत नाही. शेताच्या मधून जाणारी वाट नांगरटीत मोडली, तर १४ दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. पायवाटेच्या खांबावर पिवळा बाण असतो, घोड्यांनाही मोकळ्या असलेल्या वाटेवर निळा.

मात्र हा हक्क केवळ चालत जाण्याचा आहे. लाकूड तोडण्याचा किंवा तंबू ठोकण्याचा नाही. २००० च्या कायद्याने डोंगरमाळ, झुडपी माळराने आणि सामायिक जमिनी मोकळ्या फिरण्यासाठी खुल्या झाल्या, परंतु बहुतेक राने त्यात आली नाहीत. आपल्याकडेही पाणंद आणि गाडीवाट गावनकाशावर असतात. नकाशावर पाणंद आणि जागेवर ऊस, हे चित्र आपण पाहिलेच असेल. फरक नोंदीपेक्षा वापरात आहे: तेथे लोक त्या वाटांवरून सतत चालत राहतात, आणि कोठे अडथळा झाला तर लगेच तक्रार करतात.

प्रश्न : तेथील गावकऱ्यांना रानातून सरपण आणण्याचे, गुरे चारण्याचे हक्क होते का? आणि तोडीने रान टिकत असेल, तर आमच्याकडे का नको? (वाचक, जांबोटी)

उत्तर : हक्क होते, आणि त्यांसाठी मोठे झगडेही झाले. इंग्लंडमध्ये ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा मूळ अर्थ झाडी असा नव्हता. राजाच्या शिकारीसाठी वेगळा कायदा लागू असलेला मुलूख, मग त्यात माळही येई, असा होता. विजेता विल्यम याने १०७९ च्या सुमारास राखून ठेवलेले न्यू फॉरेस्ट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. या कायद्याचा जाच वाढल्यावर १२१७ मध्ये वनसनद निघाली आणि चराई, सरपण, डुकरांना ओकची फळे चारणे हे सामान्यांचे हक्क लेखी मान्य झाले. न्यू फॉरेस्टमध्ये आजही शरद ऋतूत डुकरे ओकची फळे खाण्यासाठी सोडली जातात.

१८७८ या वर्षाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टला कुंपणे घालून ते बळकावण्याचे प्रयत्न चालले होते. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून ते जनतेसाठी कायमचे मोकळे ठेवले. स्थानिकांचा फांद्या छाटण्याचा हक्क मात्र संपला, आणि त्याच्या भरपाईतून लॉटन या गावी एक सभागृह बांधले गेले. त्याच १८७८ मध्ये हिंदुस्थानात वन कायदा आला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. या कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि पिढ्यान् पिढ्यांची गावकऱ्यांची वहिवाट बऱ्याच ठिकाणी सवलत म्हणून उरली. एकाच सत्तेने एकाच वर्षी दोन ठिकाणी रानाचे दोन वेगळे अर्थ लावले, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

आता आपला दुसरा प्रश्न. कणकुंबी, भीमगड या बाजूच्या सदाहरित रानात अशी तोड मुळीच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथील झाडे, वेली, बेडूक आणि ऑर्किड यांचे जीवन बारमाही सावलीवर आणि दमटपणावर उभे आहे. वरचे छत्र उघडले की जमीन वाळते आणि रानमोडीचे तण शिरते. एकदा शिरलेली रानमोडी काढणे किती कठीण आहे, हे आपण जाणताच. पानगळीच्या रानात, सागाच्या किंवा ऐनाच्या पट्ट्यात, धुमाऱ्यांवर रान वाढवण्याचा विचार होऊ शकतो. पण त्यासाठी तोडलेला तुकडा पहिली काही वर्षे गुरांपासून आणि वणव्यापासून राखावा लागेल. इंग्लंडमध्येही तोडलेल्या तुकड्याभोवती बांध आणि कुंपण घालण्याची रीत होती. नुसती तोड झाली आणि राखण झाली नाही, तर तेथेही रान उरले नसते.

प्रश्न : अशा रानात एकट्याने फिरणे सुरक्षित आहे का? कोणते प्राणी असतात? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : वाघ, बिबट्या, अस्वल यांपैकी काहीही तेथे नाही, लांडगेही काही शतकांपूर्वीच संपले. विषारी साप एकच, ॲडर. तो माणसापासून दूर राहतो. खरी काळजी घ्यावी ती गोचिडीची, कारण तिच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पूर्ण पायजमा आणि मोजे घालावेत, परतल्यावर अंग तपासावे, गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी, आणि नंतरच्या दिवसांत त्या जागेभोवती पसरत जाणारा लाल डाग दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. मे महिन्याच्या मध्यावर तेथे सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे फिरायला वेळ पुष्कळ मिळतो.

हरणे मात्र भरपूर आहेत. त्यांतील मुंटजॅक हे हरीण चीनमधून आणलेले असून बेडफर्डशरमधील एका उमरावाच्या उद्यानातून बाहेर पडून ते विसाव्या शतकात पसरले. ते नवे धुमारे आणि ब्ल्यूबेल खाऊन टाकते, म्हणून तोडलेल्या बुंध्यांवर काटक्यांचे ढीग रचावे लागतात. हे हरीण आपल्या भेकराच्या जवळच्या नात्यातले आहे. संध्याकाळी रानातून कुत्र्याच्या भुंकण्यासारखा, ठरावीक अंतराने येणारा आवाज ऐकू आला, तर घाबरू नये. भीमगडच्या आसपासच्या वस्त्यांवर भेकराचा ऐकू येतो, तसाच तो आहे.