वाचक विचारतात : बिल मांडलं म्हणजे नेमकं काय झालं?

अधिवेशन सुरू झालं की आमच्याकडे पत्रांचा आणि मेसेजचा विषय एकच असतो, विधानसभेत आज अमुक बिल मांडलं, तमुक बिल आलं, आता आमचं काय होणार. यावेळी एवढे प्रश्न आले की अख्खं पान त्यालाच दिलंय.

प्रश्न : टीव्हीवर खाली पट्टी येते की आज विधानसभेत अमुक विधेयक मांडलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या गावच्या ग्रुपवर "नवा कायदा लागू" म्हणून मेसेज फिरायला लागतो. मांडलं म्हणजे लागू झालं का? – एक वाचक, बार्शी

नाही हो, अजिबात नाही. मांडणं ही अगदी पहिली पायरी. सरकारी भाषेत त्याला पुरःस्थापन म्हणतात, म्हणजे मंत्री उभे राहून सभागृहाला सांगतात की हे विधेयक मी आणतोय आणि सभागृह म्हणतं आणा. त्यानंतर त्यावर चर्चा, मग एकेका खंडावर (म्हणजे बिलातल्या कलमावर) मतं, सुधारणा, मग शेवटचं वाचन, एवढं झालं की विधानसभेत मंजूर. मग तेच सगळं विधान परिषदेत, कारण आपल्याकडे दोन सभागृहं आहेत, 288 जणांची विधानसभा आणि 78 जणांची परिषद. दोन्हीकडून पास झालं की राज्यपालांची सही, मग राजपत्रात छापणं आणि तेव्हा कुठे तो कायदा. कधीकधी तर राजपत्रात छापूनही "सरकार ठरवेल त्या तारखेपासून लागू" असं आतच लिहिलेलं असतं, म्हणजे अजून थांबा.

मराठा आरक्षणाचं बिल आठवा. 20 फेब्रुवारी 2024 ला खास एक दिवसाचं अधिवेशन बोलावलं, त्याच दिवशी मांडलं, त्याच दिवशी दोन्ही सभागृहांत एकमताने पास झालं. एवढी घाई असूनसुद्धा राजपत्रात यायला 26 फेब्रुवारी उजाडली. त्यामुळे ग्रुपवर मेसेज आला की पहिला प्रश्न विचारा, मांडलं, का मंजूर झालं, का राजपत्रात आलं? तिन्हीत खूप फरक आहे.

प्रश्न : परवा मोबाईलवर विधानसभेचं लाइव्ह बघत होते. अध्यक्ष भराभर नावं वाचत होते, मंत्री उठून एक वाक्य बोलून खाली बसत होते, आणि बघता बघता बरीच बिलं मांडून झाली. कुणी विरोध नाही, चर्चा नाही. एवढं महत्त्वाचं काम असं उरकतात याचं फार वाईट वाटलं. – एक गृहिणी, चिंचवड

ताई, तुम्ही लाइव्ह बघता हेच मोठं आहे, लोक नुसती पायऱ्यांवरची घोषणाबाजी बघतात. पण तुम्ही जे पाहिलं ते उरकणं नव्हतं. मांडायच्या वेळी चर्चा करायची पद्धतच नाही. मंत्री म्हणतात की अध्यक्ष महोदय, आपल्या अनुमतीने मी सन अमुकचे विधानसभा विधेयक क्रमांक तमुक मांडतो, अध्यक्ष विचारतात अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, मग "होयचे बहुमत" आणि विधेयक पुरःस्थापित झालं. कुणाला तिथेच विरोध करायचा असेल, उदाहरणार्थ हा विषय राज्याच्या अधिकारातच येत नाही असं म्हणायचं असेल, तर बोलता येतं, पण ते क्वचित.

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी तर ही रांग जास्तच लांब असते. मधल्या काळात सभागृह चालू नव्हतं म्हणून सरकारने जे अध्यादेश काढलेले असतात ते पटलावर ठेवावे लागतात. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्यांचा कायदा झाला नाही तर ते आपोआप संपतात (राज्यघटनेचा अनुच्छेद 213), म्हणून त्यांच्या जागी विधेयकं आणायची घाई असते. त्याच सुमारास पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटपेक्षा जास्तीच्या खर्चाला मंजुरी, आणि शोक प्रस्ताव.

तेव्हा मांडणं झटपट झालं याचं वाईट वाटून घेऊ नका. वाईट वाटायचं ते मांडणं आणि मंजूर होणं यात अंतरच राहिलं नाही तर. माझा खरा राग तिथे आहे. आमदारांच्या हातात कागद सकाळी पडला आणि दुपारी मत द्यायचं, तर वाचणार कोण, आपापल्या भागातल्या लोकांना विचारणार कधी? शेजारच्या गोव्यात 30 जुलै 2021 ला काय झालं बघा. अधिवेशनाचा शेवटचा दिवस, भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक, तीस वर्षं राज्यात राहिलेल्यांना त्यांच्या छोट्या घराची मालकी देण्याचं. विरोधक सभागृहाबाहेर, आणि बिल गडबडीत पास. बाहेर लोकांना कळलं तेव्हा एवढा संताप झाला की मुख्यमंत्र्यांना "भूमिपुत्र" हा शब्द काढू असं जाहीर करावं लागलं, आणि तो कायदा पुढे गेला नाही. जी भांडणं सभागृहात चार दिवस झाली असती ती रस्त्यावर आली. घराचा प्रश्न खरा होता, कित्येक कुटुंबांचा होता, आणि तो तसाच राहिला याचं जास्त वाईट वाटतं.

प्रश्न : जनसुरक्षा विधेयकावर मी हरकत पाठवली होती. आमच्यासारख्यांनी लिहिलेलं कुणी वाचतं तरी का, का सगळं आधीच ठरलेलं असतं? – निवृत्त शिक्षक, इस्लामपूर

सर, तुम्ही पाठवलीत याबद्दल आधी मनापासून धन्यवाद, आणि उत्तर जरा सविस्तर देतो कारण मांडण्याच्या दिवसाचं महत्त्व समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण अलीकडे नाही.

बेकायदेशीर कृत्यं करणाऱ्या संघटनांवर बंदी घालायचा अधिकार सरकारला देणारं हे विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं 11 जुलै 2024 ला, मुंबईच्या पावसाळी अधिवेशनात, अधिवेशन दुसऱ्या दिवशी संपणार होतं. तेव्हा ते पास झालं नाही. मग विधानसभेची मुदत संपली, निवडणूक झाली, नवं सरकार आलं आणि डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी ते पुन्हा मांडलं. पण यावेळी मांडताना एक गोष्ट वेगळी झाली, ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवलं. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे अध्यक्ष, विरोधी पक्षांचे आमदारही समितीत. लोकांकडून सूचना मागवल्या आणि 12,000 हून जास्त आल्या. त्यात तुमची एक होती.

मग बदललं काय? मूळ मसुद्यात बेकायदेशीर कृत्यांची भाषा एवढी सैल होती की कुठलाही मोर्चा, कुठलीही संघटना त्यात बसू शकली असती, ही सगळ्यात मोठी हरकत होती. समितीनंतर शीर्षकात आणि उद्देशात कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना असं नेमकं लिहिलं गेलं. बंदी योग्य आहे का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली. तपास फौजदाराकडे न ठेवता उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला. मग 10 जुलै 2025 ला विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी परिषदेत ते पास झालं. विधानसभेत उघड विरोध नोंदवला तो माकपच्या विनोद निकोले यांनी.

आता तुम्ही विचाराल की एवढ्यावर समाधान मानायचं का. मी मानत नाही. बेकायदेशीर कृत्याची व्याख्या माझ्या मते अजूनही फार रुंद आहे आणि 12,000 सूचनांच्या मानाने तीन बदल म्हणजे थोडेच. पण जुलै 2024 मध्येच ते घाईघाईने पास झालं असतं तर हे तीनही झाले नसते. पहिल्या मांडणीपासून मंजुरीपर्यंत एक वर्ष गेलं, त्या वर्षात वकील, संघटना, तुमच्यासारखे शिक्षक, सगळ्यांनी ते कलम न कलम वाचलं. म्हणून पुढच्या वेळी बिल मांडलं की आपल्या आमदाराकडे पहिली मागणी ही करा की हे समितीकडे पाठवा. बिल चांगलं आहे का वाईट ते नंतर बघू, आधी वेळ तर मिळू दे.

प्रश्न : पास न झालेली बिलं कुठे जातात? पुढच्या अधिवेशनात आपोआप येतात का? – स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर

अधिवेशन संपलं म्हणून बिल मरत नाही, ते पुढच्या अधिवेशनात चालू राहतं. पण विधानसभाच विसर्जित झाली किंवा तिची मुदत संपली तर विधानसभेत पडून असलेलं बिल संपतं, आणि विधानसभेने पास करून परिषदेत अडकलेलं बिलसुद्धा संपतं. परिषदेतच मांडलेलं आणि विधानसभेने अजून पास न केलेलं तेवढं टिकतं. अनुच्छेद 196, परीक्षेला विचारतात, लक्षात ठेव.

आणि परीक्षेच्या पलीकडचंही सांगतो. जादूटोणाविरोधी विधेयक 2005 साली विधानसभेत पास झालं, परिषदेत अडकलं, आणि 2009 मध्ये विधानसभेची मुदत संपली तसं ते गेलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खरं तर परिषदेने तीन महिने अडवलं तर विधानसभा ते परत पास करून पाठवू शकते आणि मग परिषदेला फक्त एक महिना थांबवता येतं, ही वाट घटनेतच दिलीय (अनुच्छेद 197). सरकारला मनापासून हवं असतं तर ती वापरता आली असती. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं प्रत्येक अधिवेशनाला या एका बिलासाठी पाठपुरावा करत राहिले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूरला कायदा झाला. जे इतकी वर्षं जमत नव्हतं ते काही दिवसांत जमलं, हे मला आजही सहन होत नाही.

प्रश्न : शक्ती कायदा दोन्ही सभागृहांत पास झाला असं आम्ही ऐकलं होतं, मग पुढे काय झालं? – एक वाचक, नाशिक

महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देण्यासाठीचा हा कायदा डिसेंबर 2020 मध्ये मांडला, संयुक्त समितीकडे गेला, डिसेंबर 2021 मध्ये दोन्हीकडे एकमताने पास. पण फौजदारी कायद्यात राज्याने केलेला बदल केंद्राच्या कायद्याशी विसंगत असला तर राष्ट्रपतींची संमती लागते, आणि ती मिळाली नाही. मधल्या काळात 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिताच आली, म्हणजे ज्या कलमांत शक्ती बदल करणार होता ती कलमंच राहिली नाहीत. महिलांना 2020 साली जे आश्वासन दिलं ते कागदावर राहिलं. सरकार कुठलंही असो, पाठपुरावा कुणी केला आणि कुणी सोडला याचा हिशोब महिला संघटनांनी मागायलाच हवा.

प्रश्न : आमच्या आमदारांनी स्वतः एक बिल मांडलं म्हणून गावात बॅनर लागलेत. आमदारांची बिलं पास होतात का? – एक वाचक, चाळीसगाव

अशासकीय विधेयक म्हणतात त्याला, शुक्रवारी त्यासाठी वेळ ठेवलेला असतो. पास होणं फार अवघड. संसदेतसुद्धा आजवर अशी फक्त 14 बिलं कायदा झालीत आणि शेवटचं 1970 साली. पण निरुपयोगी म्हणू नका. विषय सभागृहाच्या कागदावर येतो, मंत्र्यांना त्यावर उत्तर द्यावं लागतं आणि कधीकधी सरकार "आम्हीच आणतो" म्हणतं. आमदार साहेबांना भेटा आणि बिलाची प्रत मागा, बॅनर मांडल्याचा आहे म्हणजे प्रत असणारच.

प्रश्न : बिल मराठीत असतं का इंग्रजीत? – एक वाचक, बडोदा

महाराष्ट्रात मराठीत मांडलं जातं, इंग्रजी भाषांतर बरोबर असतं, आणि कोर्टात वाद झाला तर घटनेनुसार राज्यपालांच्या अधिकाराने छापलेलं इंग्रजी पाठ्य प्रमाण धरतात. म्हणून जमलं तर दोन्ही ठेवून वाचा.

प्रश्न : मला बिल वाचायचंय पण सुरुवात कुठून करू? पीडीएफ उघडली की डोकं गरगरतं. – बचत गटाची कार्यकर्ती, जव्हार

ताई, शेवटापासून सुरू करा. मागच्या पानांवर "उद्देश व कारणे यांचे निवेदन" असतं, साध्या वाक्यांत, मंत्र्यांच्या नावाने. हे बिल का आणलं ते तिथे कळतं. पैसे लागणार असतील तर वित्तीय ज्ञापन असतं, म्हणजे तिजोरीतून खर्च होणार का ते. मग एक ज्ञापन असतं की कुठल्या खंडाने सरकारला नियम करायचे अधिकार दिलेत, ते आवर्जून वाचा, कारण कायद्यात गोड बोलून खरं काय ते "नियमांनी विहित करण्यात येईल" म्हणून पुढे ढकललेलं असतं, म्हणजे विधानसभेत चर्चा न होता मंत्रालयात ठरणार. जुन्या कायद्यात दुरुस्ती असेल तर जुन्या कायद्याचे उतारे शेवटी जोडलेले असतात, ते शेजारी ठेवून वाचलं की नुसतं "शब्दांऐवजी शब्द" म्हणजे काय ते उलगडतं. एवढं झालं की मग पहिल्या पानावर या आणि व्याख्या वाचा. भांडण बहुतेक व्याख्यांतच लपलेलं असतं.

पीडीएफ विधानमंडळाच्या वेबसाइटवर मिळते. नाही सापडली तर तुमच्या आमदारांच्या ऑफिसात जा, प्रत्येक आमदाराला बिलाची प्रत मिळालेली असते. गटातल्या चार बायका मिळून वाचा, एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी विचारायचं की यात आपलं रेशन, आपली जमीन, आपला दाखला कुठे येतो. जे कळणार नाही ते खंड क्रमांकासकट आम्हाला लिहून पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.