‘ती हरली, म्हणजे आपल्यासारख्यांना होऊच देत नाहीत ना?’

अमेरिकेतून एका आईचं पत्र आलंय. त्या लिहितात: ‘जानेवारी २०२१ मध्ये कमला हॅरिस यांचा उपाध्यक्षपदाचा शपथविधी आम्ही लेकीला मांडीवर घेऊन पाहिला. ती तेव्हा पाच वर्षांची होती. “हिची आईसुद्धा भारतातून आली होती,” एवढंच मी म्हटलं, आणि पुढे कित्येक दिवस घरात बाहुल्यांचे शपथविधी होत होते. २०२४ च्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला, त्या हरल्या, तेव्हा सकाळी दूध पिता पिता ती म्हणाली, “आपल्यासारख्यांना होऊच देत नाहीत ना?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नंतर शाळेत एका मुलाने तिला “तुझ्या देशात परत जा” म्हटलं. हे तिने मला चार दिवसांनी सांगितलं. आता बातम्या लागल्या की ती उठून खोलीत जाते. तिला काय सांगू? आम्ही ग्रीन कार्डवर, आम्हाला मत नाही. आम्ही कुठल्या तोंडाने सांगायचं?’

ताई, राजकारणाचं नंतर बोलू. आधी ते चार दिवस. एवढ्याशा पोरीने चार दिवस ते वाक्य एकटीने सांभाळलं. तिला जवळ घेऊन सांगा, की लाज वाटायची असेल तर बोलणाऱ्याला वाटावी, ऐकणाऱ्याला नाही. मग शाळेला लेखी कळवा. तोंडी नको, ईमेल करा. काय घडलं, कधी घडलं, कोणासमोर घडलं, सगळं लिहा. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, रंग किंवा मूळ देशावरून भेदभाव करायला मनाई आहे, आणि असा छळ सतत होत असेल तर शाळेला हात झटकता येत नाहीत. आपली माणसं ‘उगाच कशाला वाईटपणा’ म्हणून गप्प बसतात. मुलं तो गप्पपणा बरोबर टिपतात. तुम्ही तो ईमेल लिहिताना लेक शेजारी बसलेली असू द्या.

आता बाहुल्यांचं. तो पोरखेळ नव्हता. मे २००९ मधलं व्हाइट हाउसमधलं एक छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल: पाच वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा, आणि त्याच्यासमोर कंबरेत वाकलेले अध्यक्ष ओबामा. मुलाला एवढंच जाणून घ्यायचं होतं की यांचे केस माझ्यासारखेच आहेत का. ओबामा म्हणाले, हात लावून बघ. त्याने बघितलं. मुलांचं असंच असतं. त्यांना जाहीरनामा कळत नाही, पण केस कळतात, रंग कळतो, आजीचं नाव कळतं.

हे नुसतं भावनेचं नाही, मोजलेलं आहे. पश्चिम बंगालमधल्या ४९५ गावांचा अभ्यास २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. गावाचं प्रमुखपद लागोपाठ दोन निवडणुकांत बाईसाठी राखीव राहिलं, तिथे मुलाकडून आणि मुलीकडून आईबापांच्या ज्या अपेक्षा असतात त्यांच्यातली दरी २५ टक्क्यांनी कमी झाली. खुद्द मुलामुलींच्या स्वतःबद्दलच्या अपेक्षांतली दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली. शिक्षणातलं अंतर तर मिटलंच, आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळही घटला. गावात मुलींसाठी काही नव्या नोकऱ्या आल्या नव्हत्या. बदललं होतं ते एवढंच, की खुर्चीत रोज एक बाई दिसत होती.

पण आपण मुलांना नेमका शपथविधीच दाखवतो. हार घातलेला क्षण. त्यामुळे पहिली हार दिसली की त्यांना वाटतं दार बंद झालं. माझ्या मते तुमच्या लेकीला दिलासा नकोय, तिला गोष्टीचा उरलेला भाग हवाय.

तिला पॅट्सी मिंक यांची गोष्ट सांगा. हवाईत जन्मलेली, जपानी वंशाची मुलगी. डॉक्टर व्हायचं होतं, पण एकाही वैद्यकीय महाविद्यालयाने घेतलं नाही. कायदा शिकली, तर आई झालेल्या बाईला कोणी कामावर ठेवेना. १९६४ मध्ये ती अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेली. गोरी नसलेली पहिली बाई. शिक्षणात मुलींशी भेदभाव करायला बंदी घालणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ मध्ये झाला, तो घडवणाऱ्यांत ती होती. तुमची लेक शाळेच्या संघात फुटबॉल खेळत असेल, तर त्या मैदानावर तिचा हक्क त्या कायद्याने पक्का केला आहे. आणि हीच मिंक १९७६ मध्ये सिनेटसाठी उभी राहिली आणि पक्षांतर्गत निवडणुकीतच हरली. १९९० मध्ये ती पुन्हा प्रतिनिधिगृहात आली. मधली वर्षं मोजायला लेकीलाच सांगा.

आपल्या मराठी घरातलं उदाहरण हवं असेल तर श्री ठाणेदार आहेत (‘श्री’ हे त्यांचं नावच). चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, तेही गरिबीत. २०१८ मध्ये मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली, हरले. २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २०२२ मध्ये थेट काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आले.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. चेहरा आपल्यासारखा असला म्हणजे मतं आपल्यासारखी असतीलच असं नाही. २०२४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीत निकी हेली आणि विवेक रामस्वामी हे दोघे भारतीय वंशाचे होते, आणि त्यांचं एकमेकांशी जराही पटत नव्हतं. तुमचं घर कुठल्याही पक्षाकडे झुकलेलं असो, लेकीला हे दोन प्रश्न वेगळे करायला शिकवा: ही खुर्चीपर्यंत पोहोचली कशी, आणि खुर्चीत बसून हिने काय केलं. पहिल्याचा अभिमान वाटू शकतो. दुसऱ्याचा हिशेब मागायचा असतो.

आणि ‘आपला माणूस’ म्हणताना आपण कोणाला आपला म्हणतो, हेही मुलं ऐकत असतात. दिवाणखान्यात वर्णभेदाबद्दल तावातावाने बोलायचं आणि आतल्या खोलीत फोनवर ‘त्यांचं आडनाव काय, म्हणजे नेमके कोणातले?’ असं विचारायचं, हे मी इथल्या अनेक घरांत पाहिलंय. ते ऐकून मोठी होणारी मुलगी समता कुठल्या तोंडून शिकणार? फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा नियम केला, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. नियम मांडणाऱ्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. आपल्यातल्या काहींना तो नियम बोचला. मला तो मुलांना आवर्जून सांगण्यासारखा वाटतो, कारण भेदभाव फक्त आपल्यावर होत नाही, आपल्याकडूनही होतो, हे त्यातून कळतं.

प्रतिनिधित्व कशासाठी, याचं सर्वांत स्पष्ट उत्तर मला बाबासाहेबांकडे सापडतं. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकून परतल्यावर, १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या साउथबरो समितीपुढे त्यांनी मांडलं की नुसतं मतदार असणं पुरेसं नाही, कायदे करणाऱ्यांतही आपण असलं पाहिजे. नाहीतर कायदे करू शकणारे लोक नुसत्या मतदारांचे धनी होऊन बसतात. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांच्या आत होते. न्यूयॉर्कला गेलात तर कोलंबियात त्यांचा अर्धपुतळा आहे, लेकीला दाखवा.

आता तुमच्या मताचं. ग्रीन कार्डवर मतदार नोंदणी चुकूनही करू नका. गाडीच्या परवान्याच्या अर्जात बऱ्याचदा तोच प्रश्न घातलेला असतो, तिथे नीट वाचून ‘नाही’ लिहा. चुकीच्या खुणेने पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकू शकतो. पण मत नाही म्हणजे तोंड नाही, असं मुळीच नाही. प्रतिनिधिगृहात कोणत्या राज्याला किती जागा, हे दर दहा वर्षांच्या जनगणनेतल्या एकूण लोकसंख्येवर ठरतं, फक्त नागरिकांच्या नाही. तुम्ही दोघं त्यात मोजले जाता, तुमची लेकही मोजली जाते. शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक शिक्षण मंडळाच्या किंवा नगर परिषदेच्या बैठकीत लोकांना बोलायला वेळ देतात. एकदा तिला घेऊन जा, मागच्या रांगेत बसा. ग्रंथालयाची वेळ, शाळेसमोरचा रस्ता ओलांडण्याची जागा, असे विषय तिथे निघतात, आणि शेजारच्या घरातली माणसं उठून बोलताना दिसतात.

आणि एक संध्याकाळ काढा. तुमच्या मतदारसंघाचा प्रतिनिधी कोण हे तिलाच शोधू द्या, आणि शाळेत जे झालं ते तिच्या शब्दांत, तिच्या अक्षरात त्याला लिहू द्या. स्पेलिंग दुरुस्त करू नका. पाकिटावर तिकीट तिनेच लावावं.